श्वसनसाहाय्यक उपकरणे

श्वसनसाहाय्यक उपकरणे : ज्या रुग्णाची श्वसनक्रिया अपुरी पडते, त्याच्या रक्तातील ऑक्सिजनाचे प्रमाण राखणे, कार्बन डाय-ऑक्साइडाचा निचरा घडवून आणणे, श्वासमार्ग मोकळा ठेवणे किंवा औषध थेट श्वासनलिकांपर्यंत पोहोचविणे यांसाठी वापरण्यात येणाऱ्या साधनांना ‘श्वसनसाहाय्यक उपकरणे’ म्हणतात. नाकपुड्यांत बसविण्याच्या साध्या नळीपासून अतिदक्षता विभागातील कृत्रिम श्वसनयंत्रापर्यंत अनेक प्रकारची साधने या संज्ञेत येतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अशी साधने मोठ्या रुग्णालयांतच आढळत. शतकाच्या अखेरच्या दशकांपासून त्यांतील पुष्कळशी साधने आकाराने लहान व हाताळण्यास सोपी झाली आणि रुग्णाच्या घरी वापरली जाऊ लागली. परिणामी, पूर्वी प्रशिक्षित परिचारिकेकडे असलेली जबाबदारी आता बऱ्याच अंशी कुटुंबीयांवर येऊन पडली आहे. प्रस्तुत नोंदीत या उपकरणांची तत्त्वे व प्रकार दिले असून ठाणे, कल्याण व डोंबिवली या दाट लोकवस्तीच्या नागरी पट्ट्यात त्यांचा वापर करताना उद्‌भवणाऱ्या प्रश्नांचाही विचार केला आहे.

शारीरक्रियावैज्ञानिक पार्श्वभूमी : निरोगी प्रौढ व्यक्ती विश्रांत अवस्थेत मिनिटाला सु. १२ ते १६ वेळा श्वास घेते व प्रत्येक श्वासाबरोबर सु. ५०० मिलि. हवा आत घेते. हवेत सु. २१ टक्के ऑक्सिजन असतो. फुप्फुसातील वायुकोशांच्या अतिशय पातळ भित्तींतून तो रक्तात जातो आणि रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड उलट दिशेने बाहेर पडतो. विश्रांत अवस्थेत शरीराला मिनिटाला सु. २५० मिलि. ऑक्सिजन लागतो. निरोगी व्यक्तीच्या रोहिणीतील रक्तामधील हीमोग्लोबिनाची ऑक्सिजन-संपृक्तता साधारणपणे ९५ टक्के किंवा अधिक असते.

या यंत्रणेतील बिघाड मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात वायुकोशांतून रक्तात ऑक्सिजन जाण्याच्या क्रियेत अडथळा येतो. फुप्फुसदाह (न्यूमोनिया), फुप्फुसांचे तंतुमयन ही याची उदाहरणे होत. दुसऱ्या प्रकारात हवा आतबाहेर करणारा ‘भाता’च दुर्बळ होतो. श्वसनस्नायूंचे पक्षाघात, छातीच्या पिंजऱ्याच्या विकृती, अतिस्थूलता आणि चिरकारी (दीर्घकालीन) रोधक फुप्फुसविकाराची पुढची अवस्था ही त्याची कारणे होत. अशा रुग्णाच्या रक्तात कार्बन डाय-ऑक्साइड साठत जातो. पहिल्या प्रकारात मुख्यतः ऑक्सिजनाची गरज असते, तर दुसऱ्यात हवा ढकलण्यासाठी यांत्रिक साहाय्याची. उपकरणाची निवड या भेदावर अवलंबून असते. एका प्रकारचे उपकरण दुसऱ्याचे काम करू शकत नाही, ही गोष्ट सर्वसामान्यांच्या लक्षात येत नाही आणि त्यातून रुग्णाचे नुकसान होऊ शकते.

इतिहास : यांत्रिक श्वसनाच्या आधुनिक इतिहासाची सुरुवात ‘लोखंडी फुप्फुस’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या यंत्रापासून होते. फिलिप ड्रिंकर व लुइस ॲगासिझ शॉ या अमेरिकन संशोधकांनी तयार केलेले हे यंत्र १९२८ साली बॉस्टन येथे प्रथम रुग्णासाठी वापरण्यात आले. रुग्णाचे डोके बाहेर ठेवून बाकीचे शरीर बंद पेटीत ठेवीत आणि पेटीतील हवेचा दाब आलटून पालटून कमी करीत. त्यामुळे छाती फुगून हवा आत ओढली जाई. पोलिओमुळे श्वसनस्नायू लुळे पडलेल्या असंख्य मुलांचे प्राण या यंत्राने वाचविले. ऑस्ट्रेलियातील एडवर्ड बोथ यांनी १९३७ च्या सुमारास लाकडी पेटीचे स्वस्त यंत्र तयार केले. लॉर्ड नफील्ड यांनी आपल्या मोटारींच्या कारखान्यात ती यंत्रे बनवून घेऊन तत्कालीन ब्रिटिश साम्राज्यातील रुग्णालयांना देणगीदाखल दिली.

१९५२ साली कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली व उपलब्ध यंत्रे अगदीच अपुरी पडली. बियर्न इब्सेन या भूलतज्ञांनी श्वासनालाला छेद देऊन तीत नळी बसविण्याची आणि रबरी पिशवी हाताने दाबून फुप्फुसात हवा भरण्याची पद्धत सुचविली. शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने रुग्णांच्या उशाशी बसून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबीत राहिले. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले. छातीभोवतीचा दाब कमी करण्याऐवजी फुप्फुसात हवा दाबाने भरण्याचे तत्त्व या अनुभवातून प्रस्थापित झाले. आजची बहुतेक सर्व श्वसनयंत्रे याच तत्त्वावर चालतात. गंभीर रुग्णांना एका जागी ठेवून अखंड देखरेख करणाऱ्या अतिदक्षता विभागाची कल्पनाही येथूनच रूढ झाली. भारतात या शाखेचा पाया घालणाऱ्यांत मुंबईतील फारोख उडवाडिया यांचे नाव अग्रगण्य आहे. धनुर्वाताच्या रुग्णांना स्नायू शिथिल करणारी औषधे देऊन कृत्रिम श्वसनावर ठेवण्याविषयीचे त्यांचे कार्य प्रसिद्ध आहे.

औषध पोहोचविणारी साधने : दमा व चिरकारी रोधक फुप्फुसविकार यांत श्वासनलिका आकुंचित होतात [⟶ दमा]. पोटात घेतलेले औषध रक्तावाटे सर्व शरीरभर पसरते. तेच हुंगून घेतल्यास फार थोड्या मात्रेत इष्ट ठिकाणी पोहोचते व दुष्परिणाम कमी होतात. त्यासाठी औषधाचे कण १ ते ५ मायक्रोमीटर व्यासाचे असावे लागतात. याहून मोठे कण घशातच अडकतात.

दाबाखालील औषधाची ठराविक मात्रा सोडणारा इनहेलर १९५६ साली अमेरिकेत प्रचारात आला. डबी दाबणे व श्वास आत घेणे या दोन क्रिया एकाच वेळी साधल्या नाहीत, तर औषधाचा मोठा भाग घशातच राहतो. म्हणून इनहेलर व तोंड यांमध्ये ‘स्पेसर’ हे प्लॅस्टिकचे पोकळ पात्र जोडतात. लहान मुले व वृद्ध यांना त्याचा विशेष उपयोग होतो. कुपीतील कोरडी भुकटी ओढून घेण्याचे साधन भारतात बरेच वापरले जाते. मात्र त्यासाठी रुग्णाला जोराने श्वास ओढता आला पाहिजे. औषध घेतल्यावर सु. १० सेकंद श्वास रोखणे आणि स्टेरॉइड औषध असल्यास चूळ भरणे आवश्यक असते. इनहेलरमधील क्लोरोफ्ल्युओरोकार्बन वायू ओझोन थराला घातक असल्याचे आढळल्याने १९८७ च्या माँट्रिऑल करारानंतर त्यांच्या जागी क्रमाक्रमाने अन्य वायू आले.

नेब्युलायझर हे यंत्र द्रवरूप औषधाचे धुके करते. रुग्ण नेहमीप्रमाणे श्वास घेत असताना ५ ते १० मिनिटांत औषध आत जाते. ‘नेब्युलायझर हा इनहेलरपेक्षा प्रभावी असतो’ व ‘इनहेलरची सवय लागते’ हे दोन्ही समज चुकीचे आहेत. पुष्कळ रुग्णांच्या बाबतीत स्पेसरसह वापरलेला इनहेलर तितकाच गुणकारी ठरतो. नेब्युलायझरची औषधपात्रे स्वच्छ न ठेवल्यास त्यांत जंतू वाढून ते थेट फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

ऑक्सिजनाचे स्रोत : रुग्णास ऑक्सिजन पुरविण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत.

(१) संपीडित वायूचे सिलिंडर : भारतात वैद्यकीय ऑक्सिजनाच्या सिलिंडराचा रंग काळा व खांद्याचा भाग पांढरा असतो. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरात सु. १,५०० लि. आणि रुग्णालयांत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या ‘डी’ प्रकारच्या सिलिंडरात सु. ७,००० लि. वायू भरलेला असतो. भरलेल्या सिलिंडरातील दाब हवेच्या दाबाच्या सु. १५० पट असतो. दाबनियंत्रक तो कमी करतो आणि प्रवाहमापकाने मिनिटाला किती लिटर वायू द्यावयाचा हे ठरविता येते. साठा किती काळ पुरेल याचा हिशेब सोपा आहे : मिनिटाला २ लि. प्रवाह असल्यास लहान सिलिंडर सु. साडेबारा तास व मोठा सु. ५८ तास पुरतो. मिनिटाला १० लि. प्रवाह असल्यास मोठा सिलिंडरही १२ तासांच्या आत रिकामा होतो. दाबमापकाचा काटा निम्म्यावर आला म्हणजे वायूही निम्मा उरला, असे समजावे.

(२) ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर : हे यंत्र ऑक्सिजन तयार करीत नाही, तर खोलीतील हवेतील नायट्रोजन वेगळा काढते. संपीडित हवा झिओलाइटाच्या कणांनी भरलेल्या नळकांड्यांतून नेली असता झिओलाइट नायट्रोजन धरून ठेवतो व ऑक्सिजन पुढे जातो. दाब कमी करताच नायट्रोजन सुटून बाहेर पडतो. अशी दोन नळकांडी आलटून पालटून काम करतात. मिळणाऱ्या वायूत ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन असतो. घरगुती यंत्राची क्षमता सामान्यतः मिनिटाला ५ लि. असते, काही यंत्रे १० लि. पर्यंत देतात. सिलिंडर पुन:पुन्हा भरून आणावा लागत नाही हा याचा मोठा फायदा असला, तरी ते संपूर्णपणे विजेवर अवलंबून असते. सु. ३५० वॉटचे यंत्र रोज १५ तास चालविल्यास दिवसाला सव्वापाच, म्हणजे महिन्याला सु. १५७ युनिट वीज लागते.

(३) द्रवरूप ऑक्सिजन : हा –१८३° से. तापमानाखाली द्रव अवस्थेत असतो. १ लि. द्रवापासून सु. ८५० लि. वायू मिळतो, त्यामुळे मोठ्या रुग्णालयांना उष्णतानिरोधक टाक्यांत तो साठविणे सोयीचे असते.

रुग्णापर्यंत ऑक्सिजन नेण्यासाठी नाकपुड्यांतील दुहेरी नळी सर्वांत सुटसुटीत असते. ती लावून बोलता व जेवता येते. मिनिटाला १ लि. प्रवाहाने श्वासातील ऑक्सिजन सु. २४ टक्के होतो व पुढे प्रत्येक लिटरमागे सु. ४ टक्क्यांनी वाढतो. ६ लि. च्या पुढे या नळीचा फारसा उपयोग होत नाही. साधा मास्क, पिशवी जोडलेला मास्क आणि ऑक्सिजनाचे प्रमाण नेमके ठेवणारा व्हेंच्युरी मास्क हे इतर प्रकार होत. गरम व आर्द्र केलेला वायू मिनिटाला ६० लि. पर्यंत वेगाने नाकातून देण्याची पद्धत अलीकडच्या काळात रूढ झाली आहे. परंतु एवढा शुद्ध ऑक्सिजन वापरल्यास मोठा सिलिंडर दोन तासही पुरत नाही. म्हणून ही पद्धत मोठा साठा असलेल्या रुग्णालयांतच योग्य ठरते.

ऑक्सिजन हे औषध : ऑक्सिजन हवेत असतो, म्हणून तो कितीही घेतला तरी चालेल, ही समजूत घातक आहे. चिरकारी रोधक फुप्फुसविकार असलेल्या काही रुग्णांना अधिक प्रमाणात ऑक्सिजन दिल्यास रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो, गुंगी येते व अखेर श्वसन मंदावते. अशा रुग्णांत संपृक्तता ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान ठेवणे इष्ट मानतात. कुटुंबीयांनी मापकावर ९० हा आकडा पाहून घाबरून प्रवाह वाढविणे येथे अपायकारक ठरू शकते. उलट, रक्तातील ऑक्सिजन सतत कमी असणाऱ्या रुग्णांना रोज किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास आयुष्य वाढते, असे अमेरिका व ब्रिटन येथे झालेल्या आणि १९८० व १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत दिसून आले. दम लागला की तासभर ऑक्सिजन घेऊन तो बंद करणाऱ्या रुग्णाला हा लाभ मिळत नाही. अशा उपचाराची गरज आहे की नाही, हे रुग्ण स्थिर असताना रोहिणीतील रक्ताची वायुतपासणी करून ठरवितात.

दाबाने हवा देणारी यंत्रे : झोपेत घसा मिटून श्वास वारंवार अडत असल्यास सतत धन दाब देणारे यंत्र (सीपॅप) वापरतात. कोलिन सलिव्हन यांनी सिडनी येथे त्याचा उपयोग १९८१ मध्ये प्रसिद्ध केला. हवेचा हलका दाब घशाला आतून आधार देतो. हे यंत्र आपण होऊन ऑक्सिजन पुरवीत नाही. बायपॅप यंत्रात श्वास घेताना अधिक व सोडताना कमी असे दोन दाब असतात; या फरकामुळे दुर्बळ स्नायूंना मदत होते व कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणून वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या बिघाडात केवळ कॉन्सन्ट्रेटर न देता बायपॅप द्यावा लागतो. जरूर तर दोन्ही जोडतात. मास्क चेहऱ्यावर नीट बसणे हे या उपचाराच्या यशाचे अर्धे मर्म होय.

श्वासनालात नळी घालून जोडावयाचे पूर्ण क्षमतेचे श्वसनयंत्र म्हणजे व्हेंटिलेटर होय. श्वासांची संख्या, हवेचे आकारमान, दाब व ऑक्सिजनाचे प्रमाण यांवर त्यात स्वतंत्र नियंत्रण असते. तो रोग बरा करीत नाही. मूळ रोगावरील उपचाराला अवधी मिळवून देतो. अतिदाबाने फुप्फुसालाच इजा होते, असे आढळल्यानंतर तीव्र श्वसनवैफल्यात रुग्णाच्या उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोग्रॅमला सु. ६ मिलि. इतकीच हवा देण्याची पद्धत २००० सालानंतर रूढ झाली. खोकून कफ काढू न शकणाऱ्या रुग्णासाठी शोषणयंत्र (सक्शन) लागते. श्वासनालाला छेद दिलेल्या रुग्णाच्या घरी ते नेहमी सज्ज असावे लागते, कारण नळी कफाने तुंबल्यास काही मिनिटांत प्राणावर बेतते.

मापन साधने : नखातून जाणाऱ्या दोन तरंगलांबींच्या प्रकाशाच्या शोषणावरून ऑक्सिजन-संपृक्तता दाखविणाऱ्या नाडी-ऑक्सिमापकाचे तत्त्व ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्यांनी १९७४ साली मांडले. थंडगार बोटे, नखांवरील रंग, हालचाल यांमुळे त्याचे वाचन चुकू शकते. धुरामुळे कार्बन मोनॉक्साइडाची बाधा झाली असल्यास ते फसवे असते. तसेच कार्बन डाय-ऑक्साइडाविषयी ते काहीच सांगत नाही. दम्याच्या रुग्णाने उच्छ्वासाचा कमाल वेग मोजणारे साधन घरी वापरल्यास झटक्याची पूर्वसूचना मिळते. नित्याच्या सर्वोत्तम वाचनाच्या ८० टक्क्यांखाली आकडा उतरल्यास सावध व्हावे व ५० टक्क्यांखाली गेल्यास तातडीने उपचार घ्यावेत, असा संकेत आहे. तीन चेंडूंचे साधन हे मात्र फुप्फुसे फुगविण्याच्या व्यायामासाठी असते. त्याने ऑक्सिजन मिळत नाही.

ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसर : या उपकरणांची गरज भासणाऱ्या रुग्णांची संख्या भारतात फार मोठी आहे. राज्यवार रोगभार अभ्यासानुसार २०१६ साली देशात चिरकारी रोधक फुप्फुसविकाराचे सु. ५·५ कोटी व दम्याचे सु. ३·८ कोटी रुग्ण होते. धूम्रपान, चुलीचा धूर, पूर्वी होऊन गेलेला क्षयरोग, धूळ व औद्योगिक वायू ही त्यामागील प्रमुख कारणे होत. ठाणे जिल्ह्यात यांतील बहुतेक सर्व कारणे एकत्र आढळतात. १९६० नंतरच्या दशकात ठाण्यात वागळे औद्योगिक वसाहत उभी राहिली, डोंबिवली व अंबरनाथ येथे रासायनिक कारखाने आले आणि भिवंडी यंत्रमागांचे केंद्र बनले. कापसाच्या तंतूंची धूळ हे श्वसनविकाराचे जुने कारण आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली केलेल्या मूल्यमापनात डोंबिवलीचा निर्देशांक ७८·४१ आला. ७० च्या वरील क्षेत्रे ‘तीव्र प्रदूषित’ गणली गेली होती. २६ मे २०१६ व २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेल्या स्फोटांनी कारखाने व वस्ती यांतील अपुऱ्या अंतराचा प्रश्न पुढे आणला. पावसाळ्यातील ओल, भिंतींवरील बुरशी व बांधकामांची धूळ यांमुळेही दमेकऱ्यांचा त्रास वाढतो.

ठाणे महानगरपालिका १९८२ साली, तर कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ साली अस्तित्वात आली. कळवा येथील छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई व डोंबिवलीचे शास्त्रीनगर ही या दोन महानगरपालिकांची प्रमुख रुग्णालये होत. लोकसंख्येच्या मानाने सार्वजनिक अतिदक्षता खाटा कमी असल्यामुळे गंभीर रुग्णांना परळ, शीव किंवा भायखळा येथील मोठ्या रुग्णालयांत हलविण्याचा प्रघात पडला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ठाणे लोहमार्गाने सु. ३४ किमी., तर कल्याण सु. ५४ किमी. दूर आहे. मार्गातील कोंडीमुळे रुग्णवाहिकेच्या प्रवासाचा काळ सांगता येत नाही; म्हणून निघताना प्रवाहाच्या हिशेबाने लागेल त्याच्या किमान दुप्पट ऑक्सिजन बरोबर असणे सुरक्षित होय. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची आपत्कालीन रुग्णवाहिका सेवा उपलब्ध आहे.

कोव्हिड-१९ च्या साथीत (२०२०–२१) या पट्ट्यातील उणिवा स्पष्टपणे दिसून आल्या. ठाण्यात बाळकुम येथे एक हजारांहून अधिक खाटांचे तात्पुरते रुग्णालय जून २०२० मध्ये उभारावे लागले. डोंबिवलीत सावळाराम महाराज क्रीडा संकुलात उपचारांची सोय करण्यात आली. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत राज्याची ऑक्सिजनाची मागणी सु. १,२५० टन या दैनंदिन उत्पादनाच्या पलीकडे गेली. १९ एप्रिल रोजी कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ‘ऑक्सिजन एक्सप्रेस’ विशाखापट्टनमला निघाली. घाटातील बोगद्यांतून टँकरांची उंची मावत नसल्याने ती वसई, सुरत व भुसावळ या लांबच्या मार्गाने नेण्यात आली. २१ एप्रिल रोजी नासिक येथील रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनाच्या टाकीला गळती लागून पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. २८ एप्रिल रोजी मुंब्रा येथील एका खाजगी रुग्णालयास आग लागली. रुग्णांना हलविताना चौघांचा मृत्यू झाला. ऑक्सिजनावर असलेल्या रुग्णाला एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे हेच किती जोखमीचे असते, हे यावरून ध्यानात येते. त्यानंतर राज्यातील अनेक रुग्णालयांत हवेपासून ऑक्सिजन वेगळा करणारे संच बसविण्यात आले.

घरगुती वापर : रुग्णालयातून घरी सोडलेल्या रुग्णासाठी ठाणे, कल्याण व डोंबिवली येथे सिलिंडर, कॉन्सन्ट्रेटर, बायपॅप इ. साधने अनामत रक्कम घेऊन भाड्याने देणारे व्यावसायिक आहेत. काही सामाजिक संस्था रुग्णोपयोगी साहित्य केंद्रांमार्फत ती अल्प मोबदल्यात देतात. गरज काही आठवड्यांची असल्यास भाड्याने व कायमची असल्यास विकत घेणे सामान्यतः परवडते. यंत्र ताब्यात घेताना ते किती तास चालले आहे हे तासमापकावर पाहावे, बाहेर पडणाऱ्या वायूतील ऑक्सिजनाचे प्रमाण मापकाने तपासून घ्यावे आणि गाळणी बदलल्याची खात्री करावी. जुन्या यंत्रातील झिओलाइट ओलाव्याने निकामी झालेला असल्यास प्रवाह पुरेसा दिसतो, बुडबुडे येतात, परंतु वायूत ऑक्सिजन कमी असतो. कोकणच्या दमट हवेत हा दोष विशेष संभवतो. मास्क, नळ्या व औषधपात्रे दुसऱ्याची वापरू नयेत.

वीजपुरवठा हा घरगुती उपचारातील कच्चा दुवा होय. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत कल्याण परिसरातील सखल भाग पाण्याखाली गेले. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा दरम्यानच्या उच्च दाबाच्या वाहिन्यांतील बिघाडामुळे मुंबई, ठाणे व नवी मुंबई येथील वीज काही तास खंडित झाली. ज्याच्या घरी केवळ कॉन्सन्ट्रेटर आहे, अशा रुग्णाला असे तास धोक्याचे असतात. म्हणून यंत्राच्या जोडीला एक भरलेला लहान सिलिंडर, दाबनियंत्रक व त्यासाठीची किल्ली कायम ठेवणे आवश्यक आहे. साधा घरगुती इन्व्हर्टर यंत्राचा भार पेलेलच असे नाही. ते आधी तपासून पाहावे. या शहरांतील अनेक जुन्या तीन-चार मजली इमारतींना उद्‌वाहक (लिफ्ट) नाही. ५० किग्रॅ. किंवा त्याहून जड असलेला मोठा सिलिंडर जिन्याने वर नेणे कष्टाचे असते, हेही साधन निवडताना लक्षात घ्यावे लागते.

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण ज्वलनास जोराने साहाय्य करतो. ऑक्सिजन भिनलेले कपडे व अंथरूण ठिणगीने क्षणात पेटतात. त्यामुळे खोलीत विडी-सिगारेट, देवघरातील निरांजन, उदबत्ती, डास पळविणारी वडी व गॅसची शेगडी यांपैकी काहीही पेटते ठेवू नये. सिलिंडराच्या तोटीला तेल, वंगण किंवा मलम लावू नये व तेलकट हातांनी ती उघडू नये. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधून उभा ठेवावा. कॉन्सन्ट्रेटर भिंतीपासून व पडद्यापासून दूर ठेवावा, म्हणजे त्याला हवा मिळते. आर्द्रीकरणाच्या बाटलीत उकळून थंड केलेले किंवा ऊर्ध्वपातित पाणी भरून ते रोज बदलावे.

नियंत्रण : ऑक्सिजन सिलिंडरांची निर्मिती, भरणा व वाहतूक यांवर नागपूर येथे मुख्यालय असलेल्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे नियंत्रण असते. वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ साली स्वतंत्र नियम झाले आणि १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आणण्यात आली. साथीच्या काळात भरमसाट किंमती आकारल्या जाऊ लागल्याने राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने जून २०२१ मध्ये कॉन्सन्ट्रेटरवरील व्यापारी नफ्यास ७० टक्क्यांची मर्यादा घातली. पुढील महिन्यात ऑक्सिमापक व नेब्युलायझर यांनाही तशीच मर्यादा लावण्यात आली. यंत्र घरी पोहोचविल्यानंतर त्याची देखभाल कोणी करावी आणि रुग्णाची पुनर्तपासणी केव्हा व्हावी, हा प्रश्न मात्र बव्हंशी कुटुंब व पुरवठादार यांच्यावरच सोपविलेला असतो.

श्वसनसाहाय्यक उपकरण हे उपचाराचा एक भाग आहे, उपचार नव्हे. धूम्रपान बंद करणे, नियमित औषधे, लसीकरण, श्वसनाचे व्यायाम व पोषण यांची जोड नसेल, तर महागडे यंत्रही फारसे उपयोगी पडत नाही. उलट योग्य निदान, नेमका प्रवाह, स्वच्छ नळी, भरलेला राखीव सिलिंडर आणि यंत्र हाताळण्यास शिकलेले घरातील एक माणूस एवढ्या गोष्टी असतील, तर एरवी रुग्णालयातील खाटेला खिळून राहणारा रुग्ण स्वतःच्या घरात अनेक वर्षे बऱ्यापैकी स्वावलंबी जीवन जगू शकतो.